स्पॅनिश ब्रेडमधलं सारण दर वेळी ट्रेवर का वाहतं?

ओव्हनमधून ट्रे बाहेर काढावा तर पाव छान फुगलेले, वरून तांबूस, आणि प्रत्येकाच्या बुडाशी करपलेल्या साखरेचं डबकं. पाव उचलला की खालची साल ट्रेलाच चिकटून राहते, आणि तोडून पाहिला तर आत सारणाऐवजी नुसती पोकळी. फिलिपिन्सचे गोड भरलेले पाव घरी करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: कडा नीट चिकटवा. मग लोक कडांना पाणी लावतात, चिमटे काढतात, अंड्याचा हात फिरवतात आणि पुढच्या वेळी ट्रेवर डबकं असतंच. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला हा प्रकार आहे. दहातल्या आठ वेळा दोष कडांचा नसतो, सारणाचा असतो.

ज्यांना हे पाव माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलिपिन्समध्ये छोट्या बेकरीला पानादेरिया म्हणतात. सकाळी तिथे पान दे साल हा साधा पाव घ्यायला गर्दी असते, आणि दुपारी मेरियेन्दाच्या, म्हणजे मधल्या खाण्याच्या वेळेला गोड पाव खपतात. त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा म्हणजे स्पॅनिश ब्रेड. बटर किंवा मार्गारीन, ब्राउन शुगर आणि पावाचा चुरा यांचं सारण पसरून केलेली गुंडाळी, वरूनही चुऱ्यात घोळवलेली. याच पावाला सेन्योरिटा ब्रेड असंही म्हणतात. दुसरा पान दे कोको, गोल आणि आत गोड खोबरं. तिसरा पान दे रेग्ला, ज्यात शिळ्या पावाचंच लालभडक पुडिंग भरतात. याला कालिहिम असंही नाव आहे.

आता एक गोष्ट बघा. पानादेरियातल्या स्पॅनिश ब्रेडच्या दोन्ही टोकांना गुंडाळीचे वळसे उघडे दिसतात. तिथे कडा बंद करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, तरी सारण आत राहतं. म्हणजे ते धरून ठेवणारं काहीतरी वेगळं आहे.

ओव्हनच्या आत काय घडतं

बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं. मैद्याचं पीठ मात्र आतलं तापमान ६० च्या पुढे गेल्याशिवाय आकार धरत नाही. तिथून स्टार्च पाणी ओढून घट्ट व्हायला लागतो, आणि ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, पक्कं व्हायला आणखी वर, ७०-७५ पर्यंत जावं लागतं. म्हणजे मधली काही मिनिटं आत बटर पातळ झालेलं असतं, बटरमधल्या आणि पिठातल्या पाण्यात साखर विरघळत असते, आणि भोवतालची भिंत अजून लिबलिबीत असते. घोडं इथेच पेंड खातं. या काही मिनिटांत पातळ झालेलं सारण शोषून जागच्या जागी ठेवण्याचं काम पावाचा चुरा करतो.

आपल्याकडे नेमका त्या चुऱ्यालाच फाटा मिळतो. पावात पुन्हा पाव कशाला, असं वाटून चुरा निम्मा केला जातो, आणि उदारपणे बटर-साखर वाढवली जाते. काही जण त्याऐवजी रवा घालतात. तो नका घालू. पंधरा-सोळा मिनिटांत रव्याला फुलायला पुरेसं पाणी मिळत नाही आणि खाताना कचकच लागतो.

यावरून दुसरी गोष्टही कळते. ओव्हन पुरेसा तापला नसेल तर ती मधली मिनिटं लांबतात आणि गळती वाढते. ओटीजीचा, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचा, दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली. भिंती आणि ट्रेची जाळी तापायला आणखी वेळ लागतो. १८० वर निदान १५ मिनिटं तापू द्या, दार उघडून पटकन ट्रे आत सरकवा आणि बंद करा. पाव मऊ राहावेत म्हणून १५० वर सावकाश भाजणारे बरेच भेटतात. या पावाला ती माया मानवत नाही. त्यात सारण गळतंही आणि पाव कोरडाही होतो.

आधी ट्रे बघा

कृती बदलण्याआधी ट्रेवर काय सांडलंय ते नीट पाहा. गळती सगळी एकाच जातीची नसते.

पिवळं, पातळ, बोटाला तुपकट लागणारं तेल पसरलं असेल तर बटर जास्त झालंय किंवा वितळवून घातलंय. तपकिरी, चिकट, गार झाल्यावर काचेसारखा कडक होणारा पाक असेल तर साखरेला पाणी मिळालंय. सारणाचे कोरडे गोळे बाहेर पडले असतील आणि गुंडाळीची शेपटी उघडी पडली असेल, तरच दोष लाटण्या-गुंडाळण्याचा. आणि ट्रे स्वच्छ आहे पण पाव आतून पोकळ, सारण तळाशी बसलेलं, अशी तक्रार असेल तर ती वाफेची आहे. त्याचं पान दे कोकोपाशी बोलू.

सारण कसं असावं

प्रत्येकी ५० ग्रॅमच्या आसपासच्या सोळा पावांसाठी पावाचा चुरा ११० ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, मऊ बटर ८० ग्रॅम, दूध पावडर २० ग्रॅम. आपलं पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. हे सगळं हाताने चोळून एकत्र करा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे, आणि बोटाने ढकलल्यावर तो फुटला पाहिजे. वळतच नसेल तर चमचाभर बटर. फुटायच्या ऐवजी चेपला जात असेल, तळहाताला तेलाची चकाकी येत असेल, तर चुरा वाढवा. मैद्याच्या जाती आणि पावाचा कोरडेपणा इतका बदलतो की ग्रॅमपेक्षा मी या मुटक्यावर जास्त भरवसा ठेवते.

चुरा घरचाच करावा. दोन दिवसांचा लादी पाव तुकडे करून १२० अंशांवर अर्धा तास वाळवा, गार करा आणि मिक्सरमधून काढा. पुन्हा सांगते, गार करा, कारण गरम पाव फिरवला तर वाफेने भांड्यातच ओला होतो. गोव्यात असाल तर पोदेराकडचे, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडचे, उरलेले उंडे (गोल पाव) याला फार चांगले. पाकिटात मिळणारा कटलेटचा नारिंगी चुरा नको, त्याचा रंग उतरतो. वेलचीचा टोस्ट दळून घातला तर चालतो, पण चव पार बदलते आणि मग त्याला स्पॅनिश ब्रेड म्हणू नये असं माझं मत.

बटर मऊ हवं, वितळलेलं नको. वितळलेलं बटर चुऱ्यात मुरायच्या आधी पिठात झिरपतं आणि जिथे तेल लागलं तिथे पिठाला पीठ चिकटत नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे महिन्यात स्वयंपाकघरच ३३-३४ अंशांवर असतं, तेव्हा ओट्यावर ठेवलेलं बटर मऊ होत नाही, सरळ पातळच होतं. मनिलातही उकाडा काही कमी नाही. पण तिथल्या बऱ्याच पानादेरियांत बटरऐवजी मार्गारीन वापरतात आणि ते उष्ण हवेत जास्त टिकाव धरतं. मला मार्गारीनचा वास आवडत नाही, म्हणून मी सारण कालवून ताट वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवते. बटर पुन्हा आळतं, सारण भुरभुरीत होतं आणि पसरायला उलट सोपं जातं.

साखरेचं म्हणाल तर बाजारातली ब्राउन शुगर बरेचदा जाडसर खड्यांची असते. ते खडे चुऱ्यात एकजीव होत नाहीत, जागच्या जागी वितळतात आणि मग पाकाची ओघळ सुरू होते. मिक्सरमधून एकदा हलकी फिरवून घ्या, पिठीसाखर मात्र करू नका. गूळ पावडर वापरायची असेल तर चव सुरेख येते, पण गूळ हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात तर डब्यातच ओलसर होतो. गुळासाठी चुरा २५-३० ग्रॅम जास्त घ्या. आणि गूळ असो वा साखर, सारण लाटीवर पसरल्यावर लगेच गुंडाळा. सगळ्या सोळा लाट्यांवर आधी सारण पसरून मग निवांत गुंडाळत बसलात, तर शेवटच्या लाट्यांवरची साखर पिठातलं पाणी ओढून ओली झालेली असते.

पीठ आणि गुंडाळी

पिठाचं प्रमाण: मैदा ४०० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, दूध २०० मिली, एक अंडं, मऊ बटर ५० ग्रॅम. अंडं नको असेल तर साधारण ४५ मिली दूध वाढवा. बटर सोडून सगळं मळून घ्या, पीठ गुळगुळीत झाल्यावर बटर थोडं थोडं मुरवा.

फिलिपिन्समध्ये पावासाठी जो मैदा विकतात त्याला फर्स्ट क्लास म्हणतात. तो जास्त प्रथिनांचा, परदेशी गव्हाचा असतो, कारण तिथे गहू जवळपास पिकतच नाही. आपला साधा मैदा त्या मानाने हलका. म्हणून तिकडच्या कृतीतलं दूध-पाणी जसंच्या तसं ओतलं की पीठ सैल पडतं. १५-२० मिली दूध मागे ठेवून सुरुवात करा. सैल पिठाची भिंत कमकुवत असते, आणि सारण कितीही चांगलं असलं तरी तिचा निभाव लागत नाही.

यीस्ट वेळ घेत असेल तर घाबरू नका. पिठात मैद्याच्या १७-१८ टक्के साखर आहे, आणि इतकी साखर यीस्टचं पाणी पळवते. गोड पिठासाठी वेगळं इन्स्टंट यीस्ट मिळतं, मिळालं तर ते घ्या. नसेल तर जास्त वेळ द्या. यीस्टचं प्रमाण दुप्पट करू नका, पावाला आंबूस वास येतो.

गोळे करून दहा मिनिटं झाकून ठेवले की लाटताना ते मागे ओढत नाहीत. पोळपाटाला तेल लावायची सवय इथे सोडा. हवीच असेल तर मैद्याची अगदी पुसट भुरभुर. लाटी एका टोकाला रुंद, आठ-नऊ सेंटिमीटर, आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, लांबी साधारण अठरा. चमचाभर सारण रुंद बाजूने पसरा आणि तळहाताने हलकं दाबा. दोन्ही काठांना सेंटिमीटरभर आणि निमुळत्या शेपटीला तीन सेंटिमीटर जागा पूर्ण कोरी ठेवा. ती कोरी शेपटी फार महत्त्वाची, कारण गुंडाळी चिकटते ती तिथेच. तिथे साखरेचा एक कण आला तरी ओव्हनमध्ये सांधा सुटतो.

रुंद टोकाकडून गुंडाळत या. करकचून आवळलं तर पाव फुगताना आतून जोर बसतो आणि शेपटी उसळून बाहेर येते. सैल ठेवलं तर वळशांत पोकळी राहते. पीठ ओढू नका, नुसतं लोटत न्या. चुऱ्यात घोळवून शेपटी खाली येईल असा पाव ट्रेवर ठेवा. चुरा चिकटत नसेल तर पावावर दुधाचा ओला हात फिरवा, पाण्यात बुचकळू नका.

यानंतरचं फुगणं लोक नेहमी ताणतात. दुप्पट होईपर्यंत थांबायचं नाही. दीडपट किंवा त्याहून जरासं जास्त झालं आणि बोटाने दाबल्यावर खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला की भाजायला घ्या. मुंबईच्या उन्हाळ्यात हे ३५-४० मिनिटांत होतं, पुण्याच्या डिसेंबरात सव्वा तासही लागतो. जास्त फुगलेल्या पावाची भिंत पातळ होते आणि सारण तिथूनच वाट काढतं.

मग १८० वर मधल्या खणात १५ ते १८ मिनिटं. ओटीजीची खालची कांब जवळ असल्यामुळे बुडं करपत असतील तर एकाखाली एक असे दोन ट्रे लावा.

पान दे कोको: सारण मोदकाचं नको

इथे मराठी घरांची एक खास अडचण आहे. गणपतीत उरलेलं सारण पावात भरून पाहायचा मोह होतोच, आणि चवीला दोघं इतके जवळचे आहेत की तो चुकीचाही नाही. पण मोदकाची उकड आधीच शिजलेली असते आणि ती वाफेवर फुगत नाही. सारण ओलसर असलं तरी पारी त्याला बिलगून राहते. पावात बाहेरचं पीठ फुगतं, सारण फुगत नाही. त्यात सारण ओलं असेल तर त्याची वाफ वरचा भाग ढकलून घुमट करते, आणि सारण खाली चिखलासारखं बसतं. ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, हे लक्षात घ्या.

म्हणून खोबरं आणि ब्राउन शुगर (१५० ग्रॅम खवलेल्या खोबऱ्याला ८० ग्रॅम) मंद आचेवर मोदकाच्या टप्प्यापुढे नेऊन परता. कढईच्या मधोमध डाव ओढला की वाट पडली पाहिजे आणि ती पुन्हा पाकाने भरता कामा नये. उतरवण्याआधी चमचाभर मैदा भुरभुरून मिनिटभर परता. उरलेल्या मोदकाच्या सारणालाही हाच उपाय. फक्त गूळ तळाला लागतो, हात थांबवू नका.

सुकं डेसिकेटेड खोबरं घेतलं तर गणित उलटं फिरतं. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत पावातलंच पाणी ओढून घेतं आणि पाव भुसभुशीत होतो. त्याला परतताना नारळाच्या दुधाचे चार-पाच चमचे हवेत.

सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट सारणाने आतलं यीस्ट बाहेरच्यापेक्षा आधी जागं होतं आणि पोकळी तिथूनच सुरू होते. भरलेला गोळा सांधा खाली करून ठेवल्यावर तळहाताने जरा चपटा करा, आणि ओव्हनमध्ये टाकण्याआधी काट्याने वर दोन-तीनदा सारणापर्यंत टोचा. वाफेला वाट मिळाली की घुमट होत नाही.

पान दे रेग्लाचं पुडिंगही असंच कढईत आटवून, गार झाल्यावर चाकूने कापता येईल इतकं घट्ट करून मग भरायचं. त्यात वेगळं काही नाही.

ऊबे आणि चीज

जांभळं ऊबे पान दे साल, आत चीज, हे २०२० च्या टाळेबंदीत फिलिपिन्समध्ये घराघरांत होऊ लागलं. ऊबे म्हणजे आपलं कोनफळच, दोघांचं शास्त्रीय नाव एक, डायोस्कोरिया अलाटा. उंधियूच्या दिवसांत मुंबईच्या बाजारात ते सहज मिळतं. पण प्रत्येक कोनफळ आतून सारखं जांभळं निघत नाही, विकत घेताना कापून दाखवायला सांगा. बाजारातल्या ऊबे पावांचा तो झळझळीत जांभळा बहुतेक वेळा इसेन्समधल्या रंगाचा असतो, त्यामुळे घरचा पाव फिका, राखाडीकडे झुकणारा दिसला तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पिठात खायचा सोडा मात्र टाकू नका, त्याने हा रंग निळसर-हिरवट होतो.

चीज वाहून जात असेल तर तुम्ही मोझरेला भरताय. साधं प्रोसेस्ड चीज, ठोकळ्याचं, बोटाएवढे तुकडे करून भरा. ते मऊ होतं पण सहसा पसरत नाही, आणि फिलिपिन्समध्येही तशाच चीजची चाल आहे.

दुसऱ्या दिवशी दगड

पाव हाताला जेमतेम कोमट लागत असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. फ्रीजमध्ये ठेवू नका, त्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. पावसाळ्यात खोबऱ्याचे पाव दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर टिकत नाहीत. उरणार असतील तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका आणि खाताना १६० वर पाच-सात मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये सारण चटके देण्याइतकं तापतं आणि पाव वातड होतो. मुलांच्या हातात देताना हे विशेष सांभाळा.

आणि जो ट्रे आधीच करपलेल्या पाकाने माखलाय, तो तारेच्या घासणीने खरवडू नका. त्यात उकळतं पाणी ओतून अर्धा तास ठेवा. साखरच ती, आपणहून सुटते.